टांगता शरणार्थ

आप्पा,

काल रेडिओतली एक मुलगी माझी मुलाखत घ्यायला घरी आली होती. जन्मभर मी लोकांच्या तोंडापुढे माईक धरला, आता म्हातारपणी कुणीतरी माझ्या तोंडापुढे धरला. आणि तिनं विचारलं काय, तर तुमच्याबद्दल. निजामाच्या रेडिओवरून 'शरणार्थी' हा शब्द बेधडक बोलणारे ते व्यापारी म्हणजे तुमचेच वडील ना? मी चहाचा कप उचलला आणि तो संपेपर्यंत खाली ठेवला नाही. त्या एका शब्दाचा मला इतका वीट आलाय आप्पा, की काय सांगू.

वालूरच्या आपल्या किराणा दुकानात गिऱ्हाईक उंबऱ्याशी आलं की तुमचा पहिला शब्द 'शरणार्थ'. आपल्या लिंगायतांचा तो नमस्कार, पण तुम्ही तो माळ्यालाही करायचात आणि पठाणालाही. समोरच्यानं तो घेतल्याशिवाय पुढं अक्षर बोलायचा नाहीत. कुणी रामराम म्हणून घ्यायचं, कुणी सलाम म्हणून, पण घ्यायलाच हवा. घाईत कुणी नुसताच गूळ मागितला, तर तुम्ही तराजू हातात धरून त्याच्याकडे बघत बसायचात. एकदा पेडगावहून पाहुणे आले आणि मी थेट विचारलं, माझ्यासाठी काय आणलं? भर दुकानात तुम्ही माझा कान पिरगाळलात. "आधी शरणार्थ, मग सवाल. जनावर हायेस का तू?" पुढं मुलाखती घेणारा म्हणून माझं जे काही नाव झालं, ते याच धड्यावर. तेही तुम्हाला सांगायची सोय उरली नाही.

हैदराबादला रेडिओच्या मराठी कार्यक्रमात मी लागलो तेव्हा तुम्ही "सरकारचं तोंड झालास" एवढंच म्हणालात. तरी राजवटीच्या त्या शेवटच्या वर्षी, परभणी जिल्ह्यातला एखादा व्यापारी बोलायला आणा असं साहेबांनी सांगितलं, तेव्हा मी तुम्हालाच आणलं. तुम्ही एकदा मला त्या खुर्चीत बसलेलं बघावं, एवढीच माझी हाव होती. रझाकारांच्या भीतीनं आपल्याकडची घरंच्या घरं कुलपं लावून वऱ्हाडात पळत होती आणि रेडिओ रोज सांगत होता की सगळीकडे अमन आहे. मुलाखतीचे प्रश्नही लिहिलेले असत, उत्तरंही लिहिलेली असत, खाली साहेबांची सही. मी तुम्हाला दहादा बजावलं होतं की आप्पा, कागदावर आहे तेवढंच बोलायचं, शरणार्थ नको, रामराम नको, काही नको. तुम्ही "बरं" म्हणालात.

लाल दिवा लागला. मी कागदावरचा प्रश्न वाचला, दुकानात धान्य वेळेवर येतं का? आणि तुम्ही माईककडे नाही, माझ्याकडे बघून हात जोडता. "शरणार्थ." मग गप्प. मी डोळ्यांनी कागद दाखवतो, तुम्ही बघत नाही. मी प्रश्न पुन्हा वाचतो. तुम्ही तराजू धरल्यासारखे बसून आहात. अख्ख्या राज्यात रेडिओ मुका झाला होता आणि तुम्ही माझ्या जवाबाची वाट बघत होता. रागानं माझी जीभ उचलली नाही. काचेपलीकडे साहेब ताडकन उठले. त्यांनी 'शरणार्थी' ऐकलं होतं. म्हणजे घरदार सोडून पळालेली माणसं, ज्यांचं नावही काढायचं नव्हतं तीच. मी सांगत राहिलो, साहेब, हा आमचा नमस्कार आहे. "सलाम करके कोई चुप क्यों बैठेगा?" त्यांनी विचारलं. तुम्हाला संध्याकाळपर्यंत चौकीत बसवून ठेवलं आणि मला नोकरीवरून काढलं.

रात्री आपण परतीच्या गाडीत बसलो. चुडाव्याला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून भाजलेल्या शेंगांची पुडी आणलीत आणि माझ्यापुढं धरलीत.

"खा."

"माझी नोकरी गेली, आप्पा. तुमच्या एका शब्दापायी."

"नोकरी काय, लागंल दुसरी. पर माझा शरणार्थ तसाच टांगता ठेवलास तू. पोटच्या पोरानं."

"कागदावर नव्हता तो!"

"मंग बाप बी कागदावर पायजे व्हता का?"

मी शेंगांना हात लावला नाही. सेलू येईपर्यंत तुम्ही एकटेच फोडत बसलात.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि ज्या शब्दानं मला घालवलं त्याच शब्दानं मला रेडिओत मानानं परत आणलं. निजामाच्या तोंडावर सत्य बोलणारे म्हणून परभणीत तुमचा सत्कार ठरला. मीही पुढच्या रांगेत बसलो होतो. तुम्ही उठलात आणि म्हणालात, "तसलं काय न्हाई हो. म्या आपला पोराला शरणार्थ केला व्हता. त्यानं घेतला न्हाई." हार काढून बाजूला ठेवलात आणि खाली बसलात. सगळी सभा माझ्याकडे वळून बघायला लागली. खोटं बोला असं माझं म्हणणं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. स्टुडिओत बरं जमलं होतं ते!

त्यानंतर माझा आवाज आला की तुम्ही दुकानातला रेडिओ बंद करायचात, हे मला आईनं सांगितलं. "आधी त्याला घेऊ दे, मंग ऐकतो," म्हणायचात म्हणे. मी पुढारी, पैलवान, चोर, विधवा, सगळ्यांना बोलतं केलं. प्रत्येकाला आधी नमस्कार करायचो, त्यानं तो घेईपर्यंत थांबायचो, मगच सवाल. लोक म्हणायचे, काय अदब आहे! तुम्ही मात्र एकही मुलाखत न ऐकता गेलात. बाप होता का सावकार, असं मला आजही वाटतं.

जाताना त्या मुलीनं विचारलं, आज वडील भेटले तर काय विचाराल? काही नाही, म्हटलं. ती गेल्यावर हे लिहायला बसलो. पाठवायचं कुठं, हा प्रश्नच नाही. एक मात्र कबूल करतो. या कागदावर 'आप्पा'च्याही आधी, सगळ्यात वर, मी 'शरणार्थ' लिहिला होता. मग तो सत्कार आठवला आणि खोडला. इतका खोडला की कागद तिथं फाटलाय.