पायावरचे काळे ठिपके

मंगळवार, १८ नोव्हेंबर. संध्याकाळ.

जिवतीच्या शामरावभाऊंच्या पायावरचे ते काळे ठिपके. बांबू तोडताना फास, म्हणजे बारीक काडी, पायात घुसली, तिथे दोन वर्षांत फ्लॉवरसारखी गाठ झाली. कुणीतरी कॅन्सर सांगून पाय कापायचं भय घातलेलं. डॉक्टरांना बुरशीचा संशय, म्हणून लॅबमध्ये मी दोनदा तपासलं, बुरशी दिसली नाही.

आज ठिपके ठळक होते. आधी का नव्हते? विचारलं.

त्यांची बायको म्हणाली, "दवाखान्यात यायच्या आधी मीच पाय घासून देतो ना मॅडम, तुमाले घान वाटन म्हणून. आज बस लवकर होती, टाइमच नाई भेटला."

"दगडानं घासते," भाऊ म्हणाले. "लग्नातबी एवढी हळद नोती घासली!"

ठिपक्यांवरूनच खरवडलं. मायक्रोस्कोपखाली तपकिरी गोल पेशी, मधे आडव्या-उभ्या रेघा. बुरशीच. म्हणजे दोन्ही वेळा ठिपके घरीच धुतले गेले होते, आणि पाय धुऊन आलात का, एवढं साधं मी तेव्हा विचारलंही नाही. का?

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, किमान सहा महिने. जाताना भाऊंनी मलाच विचारलं, "पाय कापा नाई लागन ना?"

"नाही," मी म्हणाले. हे सांगणं माझं काम नव्हे. डॉक्टर शेजारीच होते, त्यांनी मला अडवलं नाही, पुढचा केसपेपर ओढला.