चौथी बेसवाली

३ मार्च

– आणि मी तरी काय हौसेने खोकी उचलतोय? हजार वेळा सांगून झालं. ताईचं आज फोनवर पुन्हा तेच. "गोदामातली पक्की नोकरी सोडलीस, आता गाणाऱ्यांची ओझी वाहतोस. इथे कुणी विचारलं तर काय सांगू?" म्हटलं, सांग भाऊ बँडमध्ये आहे. "म्हणजे लग्नाच्या?" रॉक बँड, ताई! "तेच ते. तू काय वाजवतोस?" मी विषय बदलला. तिने पण ताणून धरलं नाही. तेवढंच जास्त लागलं.

काय वाजवणार? मी गाडीत सामान चढवतो, उतरवतो, वायरी जोडतो, आवाज बदलायची, पायाने दाबायची पेडल मांडतो. सरावाच्या खोलीमागे एक खोली आहे, तिथे राहतो. शाळा सातवीपर्यंत. पण कुठली वायर कुठे जाते हे मला झोपेत विचारा.

५ मार्च

काका बँड सोडून गेले. दीड वर्षातला तिसरा बेसवाला – बेस म्हणजे जाड तारांची, खर्जातली गिटार. बोटं सुजतात म्हणाले, हात मिळवला, चालते झाले. गायकाने खुर्चीला लाथ मारली. खुर्ची मीच सरळ केली.

आमच्याकडे गिटारवाला टिकतो, ड्रम वाजवणारा ढोल्या टिकतो, गायक तर मालकच – गाडी त्याची, खोली त्याची. बेसवाला टिकत नाही. पहिला लंबू. बोटांनी वाजवायचा, पायाखाली एकही पेडल नाही. जाडजूड, गोल आवाज. भिंतीला पाठ टेकली की पाठीत कळायचा. दुसऱ्या बँडने पळवला. मग डेंटिस्ट – खरंच दातांचा डॉक्टर व्हायला शिकत होता. नऊ पेडल! फझवर पाय दिला की आवाज कापडासारखा टरटर फाटायचा, कोरसवर दिला की सगळं पाण्याखाली. गायक म्हणायचा, "बाबा रे, बेस वाजवतोयस की दाढ काढतोयस?" त्याच्या नऊ पेडलांच्या पंचवीस बटणांवर मी रंगाचे ठिपके दिले होते, कुठल्या गाण्याला कुठला. परीक्षा आली, गेला. मग काका. प्लास्टिकच्या पत्तीने वाजवायचे. तारांखाली पूल असतो ना, तिथे स्पंजचा तुकडा खोचलेला. ठप्-ठप्-ठप्. सहा वर्षांत तार बदलली नाही. "तार बदलायची नसते, मुरवायची असते."

तिघांचंही सगळं वाजवलेलं मला पाठ आहे. हे कुणाला सांगितलेलं नाही.

९ मार्च

चौथी आली. बाई आहे! गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उघडते. नखांत काळं. पहिल्याच गाण्यानंतर ढोल्याला म्हणाली, "तू दर चार मात्रांनी पळतोस. मागे कुत्रं लागलंय का?" ढोल्याने तिथल्या तिथे नाव ठेवलं – मास्तरीण.

एकच पेडल तिचं. कम्प्रेसर. मला बसवून समजावलं – "जोरात वाजलं की हा दाबतो, हळू वाजलं की उचलतो. घरातल्या मोठ्या भावासारखा." म्हटलं, माझ्या घरी हे काम ताई करते. हसली.

वाजवण्याची तऱ्हा वेगळी. ढोल्याच्या पायाबरोबर पाय टाकत येते आणि मग मुद्दाम एक जागा रिकामी सोडते. तिथे काहीच नाही. आणि माझी मान नेमकी तिथेच हलते.

१४ मार्च

टूर ठरली. सव्वीस कार्यक्रम! मास्तरणीने गॅरेजला राजीनामा दिला. तिथला मालक तिला म्हणाला म्हणे, "गाणं संपलं की परत येशील, पण मी जागा ठेवणार नाही." ही म्हणाली, "ठेवू नका."

करार तिने दोनदा वाचला, एक ओळ स्वतः घालून घेतली. टूर संपायच्या आत तिला काढलं तर अर्धे पैसे द्यायचे. गायकाने त्याखाली आपली ओळ घातली – चूक वाजवणाऱ्याची असेल तर एक पैसाही नाही. दोघांनी सही केली. मी साक्षीदार. सही करायला तीन मिनिटं लागली. कुणी हसलं नाही.

१५ मार्च

बारा दिवस सुट्टी, मग पहिला कार्यक्रम. मास्तरीण आईकडे जाऊन येते म्हणाली. बेस इथेच. "तिकडे नेऊन-आणून काय करू? तू आहेस ना." कपाटाची किल्ली माझ्याकडे. जाताना परत सांगितलं – या बेसच्या पोटात बॅटरी आहे, चौकोनी. वायर खुपसली की बेस ती प्यायला लागतो, वाजवा नाहीतर नका वाजवू. "म्हणून वायर नेहमी काढून ठेवायची. नवी घातलीये, वर्षभर जाईल." म्हटलं, कळलं.

कळलंच होतं.

१६ मार्च

वाजवला. दुपारी, दार लावून. आधी लंबूसारखा. मग काकांसारखा – स्पंज नव्हता, पायमोजा खोचला. मग तिच्यासारखा. ती जागा सोडायची जमत नाही. हात आपोआप भरून टाकतो.

१७ मार्च

दोन तास.

१९ मार्च

तीन तास. बोटांना फोड. पेडल, वायर, सगळं पहिल्या दिवसापासून मांडून ठेवलंय, जागचं हलवत नाही. रोज कोण काढणार, रोज कोण लावणार? उद्या परत बसायचंच आहे.

२४ मार्च

जमलं! एकदाच. पण जमलं. जागा सोडली आणि ती तिथे राहिली. खोलीत उड्या मारल्या. बघायला कुणी नाही हे बरं.

२७ मार्च

नीट लिहितो. क्रमाने.

दुपारी हॉलवर सगळं तपासलं, आवाज ठीक होता. संध्याकाळी टूर आणणारा एजंट पहिल्या रांगेत. दोन गाणी चांगली गेली. तिसऱ्याच्या मध्यात बेस चरचरायला लागला. गायकाला वाटलं हिने फझ लावलाय, मान वळवून डोळे वटारले. फझ तिच्याकडे नाहीच. मग आवाज बारीक होत गेला – बारीक, बारीक, मग नाही. ती वाजवतेय, बोटं चालतायत, आणि काही नाही. काही बेसना बॅटरीशिवाय चालायचं बटण असतं, हिच्या बेसला नाही. एजंट उठून बाहेर गेला. गाणं तसंच संपवलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या, चांगल्या नव्हेत.

मागच्या खोलीत गायक ओरडला, "साधी बॅटरी बघता येत नाही?" ती म्हणाली, "नवी होती." "नवी होती तर गेली कुठे?" ती बेस मांडीवर घेऊन बसली, मागची पट्टी उघडली, बॅटरी जिभेला लावून बघितली. मेलेली. मग हळू म्हणाली, "मीच बहुतेक वायर काढायची विसरले निघताना."

विसरली नव्हती. माझ्यासमोर काढली होती, गुंडाळून माझ्या हातात दिली होती. ते तिला आठवेना.

मी वायर गुंडाळत होतो. गुंडाळत राहिलो.

२८ मार्च

काढलं तिला. चूक वाजवणाऱ्याची. सामान न्यायला आली तेव्हा मी बेस गाडीपर्यंत नेला. म्हणाली, "उचलण्यात तुझा हात धरणारा कुणी नाही बघ." गॅरेजवर सकाळीच जाऊन आली होती. दुसरा माणूस ठेवलाय.

३० मार्च

गायकाने मला बोलावलं. ढोल्याने त्याला सांगितलंय – "पोराला सगळं पाठ आहे, दुपारी दाराबाहेरून ऐकलंय मी." गायक म्हणाला, "वाजवून दाखव." भाड्याचा बेस होता. वाजवला. तिची जागासुद्धा सोडली. गायक गिटारवाल्याकडे बघून म्हणाला, "हे घरातच होतं आणि आपण गाव पालथं घातलं!" पंचवीस कार्यक्रम. मी.

ताईला फोन केला नाही.

२ एप्रिल

सांगितलं. मास्तरणीला नाही, गायकाला. वायर बारा दिवस मी लावून ठेवली होती. तो चहा पीत होता, पीत राहिला. मग म्हणाला, "दुसऱ्या कुणाला बोललास?" नाही. "मग बोलू नकोस. ती कराराचा कागद घेऊन येईल, अर्धे पैसे मागेल. आणि मागितले तर ते तुझ्या वाट्यातून जातील, तू घरी जाशील." मग खांद्यावर हात ठेवला. "वेड्यासारखं करू नकोस रे. चांगलं वाजवतोस."

आजवर हे मला कुणी म्हटलं नव्हतं. चांगलं वाजवतोस. खोलीत येऊन बराच वेळ तेच घोळवत बसलो.

५ एप्रिल

माझा पहिला कार्यक्रम केला. लोकांचे चेहरे दिसत नाहीत वरून, दिवे डोळ्यांवर असतात. दोनदा चुकलो, कुणाला कळलं नाही. एकदा वाटलं, तिला कळलं असतं. खाली उतरल्यावर सवयीने सगळ्यांच्या वायरी काढायला वाकलो. ढोल्या म्हणाला, "अरे, आता तू नाही करायचंस हे." नवीन माणूस ठेवलाय म्हणे.

६ एप्रिल

आगाऊ पैसे मिळाले. ताईला कळवलं, या महिन्यात पैसे पाठवायला जमणार नाही. तिने कारण विचारलं नाही, म्हणाली, "जेवतोस ना?"

मग ते आगाऊ पैसे मास्तरणीच्या खात्यावर टाकले. बँकेच्या फॉर्मवर कारणाची एक ओळ असते, ती पुरेना, म्हणून मागच्या बाजूला लिहिलं, खाली नाव घातलं, आणि त्याचा फोटो तिला पाठवला – वायर तुम्ही काढली होती. मी लावून बारा दिवस ठेवली. गायकाला माहीत आहे. करारावर साक्षीदार मी आहे, बोलवाल तिथे येईन.

अकराशे चाळीस रुपये. सगळे.