हसऱ्या बाईचा मसाला

४ एप्रिल
झालं एकदाचं पाकीट! या मोताळ्यातल्या फ्लेक्सच्या दुकानात बसून आजवर वाढदिवसाचे भाऊ-दादाच रंगवले, आज काहीतरी धड केलं. जयमालावहिनीचा काळा मसाला म्हणजे खरं तर आईचाच. प्रमाण तिचं, भाजायची तऱ्हा तिची. पण साध्या पिशवीत, वर पिन मारलेली चिठ्ठी! दुकानात तिकडे कोण बघतो? आई जाऊन वर्ष झालं. म्हटलं, तिलाच पुढे बसवू. माझ्या लग्नाचा अल्बम काढला, शोध शोध शोधलं. सापडली! पंगतीत वाढताना, तोंडभर हसताना. बाजूची माणसं कापली, मागे पिवळा रंग दिला.

१९ एप्रिल
गजेंद्रभाऊंच्या किराणा दुकानात माल टिकेना. गिऱ्हाइकं मसाल्याचं नावच घेत नाहीत — "ते हासरी बाईवाला द्या!" मसाला तोच, भाव तोच. वहिनीचा धामणगावहून फोन: "ताई, दोन बाया कामाले ठेवल्या!" मी हवेत.

२ मे
बाजारचा दिवस. रसवंतीसमोर आई पडली होती.
म्हणजे पाकीट — रिकामं, फाटलेलं. एक माणूस त्यावर चप्पल ठेवून निवांत रस पीत होता. "पाय काढा" न म्हणताच मी पुढे निघाले. त्याचं काय चुकलं? माणूस पाकीट फोडणार आणि फेकणार. हे मला आधी कसं सुचलं नाही? कॅलेंडरवरचा देव जुना झाला तरी आपण नदीत सोडतो. आईला मी नालीत सोडलं.

३ मे
वहिनी फोनवर, हळू आवाजात: "बाबा रिकामी पाकिटं वेचून आणून राह्यले. स्टँडवरून, हॉटेलामांगून. धुतेत, पुसतेत, अन् आपल्या पेटीत ठेवतेत. इचारलं त पेटी लावून घेतेत."
या वयात बाबा कचऱ्यातून आईला वेचतायत. माझ्यामुळे!

५ मे
फोटो काढून टाकला. त्या जागी उखळ-मुसळ.
वहिनी कळवळली, "ताई, चालता धंदा हाय. त्या बायाइले काय सांगू?" मी म्हटलं, बाबांपेक्षा धंदा मोठा नाही. तर म्हणाली, "पण त्याहिले इचारलं का तुम्ही?"
नाही विचारलं. कुठल्या तोंडाने विचारू?

२४ मे
गजेंद्रभाऊंनी खोकी परत पाठवली. लोक "हासरी बाई कुठी गेली?" म्हणतात आणि दुसराच मसाला घेऊन जातात. एकाने तर तोंडावर सांगितलं म्हणे — "हा डुप्लिकेट हाय!" आईच्या हातचं प्रमाण, आणि डुप्लिकेट! वहिनीने एका बाईला घरी बसवलं. मला फोनही केला नाही, भाचीकडून कळलं. चांगलं करायला गेले आणि दोन्हीकडून नासवून ठेवलं.

३१ मे
बाबा एसटीने दुकानात आले. हातात नवं पाकीट. वाटलं, आता बोलतील.
"पुष्पा, याच्यावरची तुही माय कुठी गेली?"
मी रडतच माफी मागितली. लोकांच्या पायाखाली आली, तुम्हाला वेचावी लागली, चुकलं माझं. ते ऐकतच नव्हते.
"मले तो फोटो मोठा करून दे एक. घरची कोरी पाकिटं सुनेच्या धंद्याची, त्याले हात कसा लावू? म्हणून वेचली, त सारी चोळामोळा झालेली. आपल्या भिताडावरच्या फोटोत तुही माय हासतच नाही."
भिंतीवरचा फोटो मीच केला होता. तेरवीच्या फ्लेक्ससाठी, घाईत, आधार कार्डावरून.
अल्बम तेव्हाही माझ्या कपाटातच होता.