तुमच्या भावाच्या डिस्कचं बिऱ्हाड

ती. वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (खरंच वाकले, पेन टेबलाखाली गेलं होतं.) तुमचे गुडघे, तुमची झोप आणि वरच्या मजल्यावरचे ते सदा कपाटं सरकवणारे शेजारी, तिघांची खुशाली कळवा. इकडे सगळे, म्हणजे आम्ही दोघं, ठीक आहोत. तुमच्या भावाचा उजवा हात आता शर्टाची बटणं लावू लागलाय. शेवटचं बटण चुकतं, पण ते आजारापूर्वीही चुकायचं, तेव्हा तो दोष डॉक्टरांच्या माथी मारायला नको.

फोनवर मावणार नाही एवढं घडलं, म्हणून लिहायला बसले. मेंदूच्या त्या झटक्यात यांची नामं गेली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. क्रियापदं वेळेवर कामाला हजर असतात, विशेषणंही येतात (टोमणे मारण्यापुरती तर नक्कीच), पण नामं बहुतेक सगळी रजेवर. यांनी साप्ताहिकासाठी वर्षानुवर्षं शब्दकोडी रचली, त्यामुळे एखादं नाम सापडलं नाही की सवयीने कोडं घालतात. छत्री हवी असेल तर 'उघडली की आपण कोरडे' म्हणतात, आणि मी उत्तर घेऊन येते. शाळेच्या लायब्ररीत नोकरी केल्याचा हा एवढाच फायदा झाला. तिथेही मुलं पुस्तकाचं नाव विसरून 'ते निळं, जाडं' असंच मागायची.

तर ही कोडी रचायचा प्रोग्रॅम यांच्या एका मित्राने करून दिलेला. मित्र आता नाही, प्रोग्रॅम बसवायची सीडी कुणाकडेच नाही, आणि तो यांच्या जुनाट लॅपटॉपवरच्या जुनाट ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय दुसरीकडे श्वासही घेत नाही. आजारातून उठल्यावर हे रोज सकाळी त्या रिकाम्या चौकटींपुढे बसायचे. पूर्ण कोडं सोडाच, दिवसाला एखादा शब्द सुचला तरी खूप. पण बसायचे. आणि एके दिवशी लॅपटॉपच बसला.

दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि सांगितलं की मदरबोर्ड गेला, डिस्क तेवढी जिवंत आहे. वर म्हणाला, "आजी, आता नवा घ्या. यातल्या फाइली काढून देतो." (आजी! त्याच्या स्वतःच्या डोक्यावर माझ्यापेक्षा कमी केस होते.) फाइली मिळतील, पण प्रोग्रॅम? तो येणार नाही म्हणाला. यांनी काउंटरवरचा लॅपटॉप उचलून छातीशी धरला आणि दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. रस्ताभर एकही कोडं घातलं नाही. घरी आल्यावर खुर्चीत बसले ते बसलेच. मी विचारलं चहा, तर मान नाही. विचारलं पंखा, तर मान नाही. आजारातही माणूस एवढा गप्प नव्हता, वन्सं.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून माझा लॅपटॉप काढला. लायब्ररीने निवृत्तीच्या वेळी निकालात काढून मलाच दिलेला, वयाने यांच्याहून थोडासाच धाकटा. (लॅपटॉपबद्दल बोलतेय.) म्हटलं, अहो, डिस्क सगळ्या संसारासकट उचलून याच्यात नेली तर? हे उठून उभेच राहिले.

जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरला. यांना सगळं येत होतं, पण हात साथ देईना. माझे हात धड, पण मला काही येत नव्हतं. मी स्क्रूड्रायव्हर टेकवला, तोच यांनी मनगट पकडलं. "आधी जीव काढ!" म्हणाले. मी घाबरलेच. कुणाचा? म्हणजे बॅटरी काढ. मग "डोकं आहे, डोक्यावर फुली आहे, ते फिरव" म्हणजे स्क्रू. डिस्क दिसताच मी ती उपटायला लागले, तर "उचलू नको, सरकव, सरकव!" क्रियापदं कशी खणखणीत आली बघा. ती सरकवली, माझ्या लॅपटॉपमधली डिस्क काढून तिची पत्र्याची चौकट हिला चढवली, आणि माझ्या लॅपटॉपच्या पोटात बसवली. झाकण लावल्यावर एक स्क्रू उरला. तो कुठला, हे दोघांनाही कळेना. "पाहुणा," असं मीच त्याचं नाव ठेवलं.

चालू केलं. निळा पडदा, वर इंग्रजीत कसलीशी तक्रार, आणि आपोआप बंद. पुन्हा चालू, पुन्हा निळा. मी म्हटलं, झालं, मेली ही. आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच धुतलेली भांडी धुतली. परत आले तर हे स्क्रीनसमोर वाकलेले. "आत जा," म्हणाले. "सुरू व्हायच्या आधी आत जा." सुरू होताना एक बटण दाबून धरलं की मशीनच्या अगदी पोटातल्या सेटिंग उघडतात, त्यात यांना जायचं होतं. बाण दाबत दाबत, डाव्या हाताने, ते एका ओळीवर थांबले. "दोघं बोलतात... पण वेगळं." तेव्हा मला उलगडलं. माझा लॅपटॉप डिस्कशी नव्या पद्धतीने बोलत होता आणि यांच्या सिस्टीमला जुनीच पद्धत कळत होती. डिस्क बिचारी धडधाकट होती, फक्त समोरच्याचं बोलणं तिला समजत नव्हतं. यांनी ओळ बदलून जुनी पद्धत लावली.

आणि वन्सं, सुरू झालं! यांचाच पडदा, यांचीच चिन्हं, नुसती फुगून दुप्पट झालेली. मग बिचारी सिस्टीम नव्या घरात एकेक वस्तू ओळखू लागली: कीबोर्ड सापडला, माउस सापडला, आणखी काय काय सापडलं. आवाज आणि इंटरनेट मात्र आजतागायत सापडलेलं नाही. शेवटी एक पाटी आली की सिस्टीमची ही प्रत अस्सल नसावी. मी म्हटलं, अहो, तुम्ही अस्सल असल्याचा पुरावा मागतेय. तर हे हसले. नुसते ओठांनी नाही, आवाज करून.

प्रोग्रॅम उघडला. हे एका चौकटीपाशी अडले. मागे उभं राहून मला शब्द दिसत होता, जिभेवर आला होता. चाळीस वर्षांच्या संसारात मी गप्प बसल्याची उदाहरणं तुम्हाला माहीत आहेत, म्हणजे नाहीतच. पण त्या दिवशी पदर तोंडात धरून गॅलरीत गेले. कपडे वाळत घातले, काढले, पुन्हा घातले. बऱ्याच वेळाने आतून हाक आली, "अगं, बिजागरी!"

आता एक गोष्ट, जी कुणाला बोलले नाही. आयुष्यभर हे मला 'अगं' म्हणत आले, म्हणून गेलेल्या नामांत माझंही नाव गेलंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, या कोण? हे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हिला सगळं माहीत असतं." मी बाईंना म्हटलं, पैकीच्या पैकी द्या. घरी येऊन मात्र थोडी रडले. नाव अजून आलेलं नाही. येईल, किंवा 'अगं'वर भागेल.

तब्येतीला जपा.

तुमची,
भावजय

ता. क. : लॅपटॉपची कहाणी निमित्त होती. खरं सांगायचं ते असं, की गेल्या रविवारी फोनवर हे तुम्हाला डिस्कबद्दलच सांगत होते. "आतलं काढलं, दुसऱ्यात बसवलं" म्हणाले आणि अडले. तुम्ही लगेच म्हणालात, "दात?" आणि हे दमून "हो" म्हणाले. तेव्हापासून तुम्ही रोज मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुचवताय. वन्सं, रागावू नका, पण हे अडले की शब्द पुरवू नका. पलीकडून काहीच ऐकू आलं नाही तर फोन कट झाला असं समजू नका. ते शोधत असतात. तुम्ही फक्त थांबा.

ता. क. २ : पत्र यांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मीही थांबले, सांगितल्याप्रमाणे. मग गालावर हात ठेवून म्हणाले, "पण दाढ... खरंच दुखतेय." माझ्या पत्रात दाढ कुठेही नाही, वन्सं, तपासून बघा. शब्द यांचा यांनी आणला. गुळण्या आजपासून सुरू केल्या आहेत.