नी-कॅपऐवजी पट्टी

मंगळवार, गंगाखेड

१. सरावात आमच्या कबड्डी संघातल्या रेखाचा गुडघा मुरगळला.
२. प्रायोजक कंपनीचं नाव छापलेली, गुडघ्यावर चढवायची नी-कॅप सैल होती. फिजिओ म्हणून मी ती काढून पट्टी बांधली.
३. मॅनेजर म्हणाले, "रविवारच्या सामन्यात टीव्हीवर कंपनीचं नाव दिसायला पाहिजे, मॅडम. नी-कॅपच घाला."

रेखा हसली. "घाला की ताई. गुडघा माझा असला तरी जागा कंपनीची हाय."

हसताना तिनं त्या पायावर भार टाकला नव्हता. सैल नी-कॅप गुडघा धरत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मॅनेजरना तिथंच नकार दिला नाही. का? नोकरी?

आत्ता मॅनेजरना पाठवलं: 'पट्टीशिवाय रेखाला मैदानात जाऊ देणार नाही. मान्य नसेल तर दुसरी फिजिओ बघा. शुक्रवारपर्यंत कळवा.'