डाव्या हातातला कप

८ मार्च
हसले! सगळे हसले!

माझ्या सिनेमातली बाई कायमचं घर सोडून निघते, दाराला कुलूप लावते, तिथे हसले. टाचणी पडली तर ऐकू येईल असं मला वाटलं होतं, नेमकं तिथे. कुलुपात किल्ली घालताना ती चाचपडते. मला वाटायचं, पाय निघत नाहीये तिचा, हे किती छान दिसतंय. म्हणून तर लांबवला होता शॉट.

दिवे लागले. सर म्हणाले, "आता प्रेक्षक बोलतील. तू फक्त ऐकायचं. उत्तर द्यायचं नाही." आमच्या फिल्म स्कूलचा नियमच आहे हा. दिग्दर्शकाने तोंड उघडायचं नाही.

"लांबतंय फार." "बाई छान आहेत, पण अवघडल्यासारख्या का वावरतात?" मग पहिल्या वर्षाची एक पोरगी उठली. "सुरुवातीला त्या कप उजव्या हातात धरतात. नंतर सगळं डाव्या हाताने. फणी, किल्लीसुद्धा. एकाच सकाळची गोष्ट आहे ना?"

परत हशा. सर म्हणाले, "कंटिन्युइटी! शॉटला शॉट जुळायला नको? पंधरा दिवसांत नीट करून आण, नाहीतर वर्ष गेलं समज."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

९ मार्च
दिवसभर अंथरुणात. आईने दारातूनच विचारलं, "काय म्हणाले लोक?"
"तुझं कौतुक करत होते."
"म्हणजे पडला सिनेमा."
हिला फसवणं अशक्य आहे. सिनेमातली बाई तीच. फुकटची नटी दुसरी कोण मिळणार मला?

११ मार्च
ढापण्याशी कडाक्याचं भांडण. कॅमेरा चालवणारा तो, म्हणून मी त्याच्यावरच ढकलायला गेले. "हात बघणं तुझं काम होतं," म्हणाला. खरंय. त्याला कॅमेरा फक्त रविवारी मिळायचा. त्यामुळे एका सकाळची गोष्ट आम्ही चार महिन्यांच्या रविवारांतून जोडली. मी प्रत्येक गोष्टीचे फोटो ठेवले होते. केसांची पिन, पडद्याच्या चुण्या, कपात चहा कुठवर आहे ते! हात तेवढा सुटला.

मला हे जमणारं नाही. उगाच नादी लागले.

१३ मार्च
काही लिहावंसं वाटत नाही.

१६ मार्च
पुन्हा शूटिंग. "आई, उजव्या हाताने उचल."
"मला डावाच बरा पडतो गं."
"कधीपासून?"
"कलावंत माणूस आहे मी, दिग्दर्शकबाई. लहर येते!"

ढापण्या हसला. माझं डोकं फिरलं. ओरडले मी तिच्यावर, त्याच्यासमोर! "चार महिने वाट लावलीस माझी. एक साधा कप उचलता येत नाही तुला?"

तिचं हसू गेलं. उजव्या हाताने कप उचलला. अर्ध्यावर आला आणि सुटला. चहा सगळा मनगटावर.

"चुकलं माझं," म्हणाली. "परत घेऊया?"

चहा उकळता होता. मनगट लालभडक झालेलं. ती मात्र फुटक्या कपाकडे बघत होती. भाजलंय हे तिला मी सांगितल्यावर कळलं.

१७ मार्च
सगळं चित्रण काढून बसले. सिनेमाच्या क्रमाने नाही, रविवारांच्या क्रमाने लावलं.

आधी उजवा हात ठीक आहे. मग कप धरताना खालून डावा येतो आधाराला. मग उजवा मांडीवरच. मी 'कट' म्हटल्यावरही कॅमेरा जरा वेळ चालू राहायचा. त्या तुकड्यांत, दर वेळी, आई उजवी बोटं चोळत बसलेली आहे. आणि मागून माझा आवाज येतोय, "चला, पुढचा शॉट!" कट म्हटलं की मी तिच्याकडे बघतच नव्हते.

मध्यंतरी तिने शिवणाची कामं घेणं बंद केलं. "डोळे गेले आता," म्हणाली. मी बरं म्हटलं. मशीन सरकवून तिथे दिवे लावले. कोपरा रिकामा झाला म्हणून खूश झाले होते मी!

आता विचारलं तर म्हणते, "तुझा सिनेमा पार पडू दे म्हटलं. मग सांगणार होते."

चूक हाताची नव्हती गं आई. लाज वाटते मला.

२० मार्च
डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून होतंय हे?" आई म्हणाली, "आठवडा झाला असेल." मी लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे ठेवला. रविवारांच्या क्रमाने लावलेला सिनेमा. त्यांनी अख्खा बघितला. कुलुपाशी थांबवला, मागे नेला, पुन्हा बघितला. हसले नाहीत.

"हे आधी दाखवायला हवं होतं," म्हणाले.

मी उत्तर दिलं नाही.