चुरगळलेला तुकडा

४ मार्च
सर्जनसाहेबांनी गुदाशयातल्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवलाय. तांदळाच्या कणीएवढा, तोही चिमट्यात चुरगळलेला! सूक्ष्मदर्शकाखाली नुसती शाई सांडल्यासारखं दिसतं. सोबत चिठ्ठी — 'कॅन्सर. फक्त खात्री करावी.' म्हणजे लग्न ठरलंय, मुलगी नंतर दाखवतो!
लिहून दिलं — निदान होत नाही. खोलवरचा तुकडा पाठवा.

५ मार्च
साहेबांचा फोन. "मॅडम, गाठ दिसतेय, रक्त जातंय. अजून काय हवंय तुम्हाला?"
"तुकडा."
"सोमवारी ऑपरेशन आहे!"
"मग शनिवारी पाठवा."
फोन आदळला. आमच्या लॅबला ते 'अडथळा विभाग' म्हणतात म्हणे. पाटीच करून घ्यावी.
घरी नवऱ्याला सांगितलं. म्हणतो, "तू भाजीसुद्धा अशीच निवडतेस." आधार द्यावा तर असा!

६ मार्च
पेशंट स्वतःच खिडकीशी उभी! आमच्याकडे माणसं येत नाहीत, तुकड्यांच्या बाटल्या येतात. बस चालवते ती. साहेबांनी सांगितलंय — गुदद्वार काढावं लागेल, जन्मभर पोटाला शौचाची पिशवी.
"निकाल तुम्हीच अडवलाय ना?"
"हो."
"मग अजून थोडा अडवा, बाई. पिशवी सांभाळू की गिअर?"
हसली. मग रडायलाच लागली. मला साधं पाणी द्यायचं सुचलं नाही. एवढं शिकून!
ती गेल्यावर तडक साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिले. तुकडा देणार असाल तरच हलते, म्हटलं. ते चष्म्यावरून बघत राहिले. "उद्या घेतो. हट्टी आहात." उपकार झाले!

९ मार्च
नवा तुकडा पाहिला. लहान, गोल, एकसारख्या पेशींची ही गर्दी! नेहमीचा कॅन्सर नव्हे हा. लिम्फोमा असावा — पांढऱ्या पेशींचा. या जागी क्वचितच सापडतो. पण साध्या सुजेतही अशीच गर्दी जमते, म्हणून खास रंग लावायला दिलेत. त्याशिवाय तोंड उघडायचं नाही.
आजचं ऑपरेशन पुढे ढकललं. साहेब जिन्यात भेटले. नमस्कार भिंतीला केला.

१३ मार्च
लिम्फोमाच! हळू वाढणारा. सुरी नको — औषधं, फार तर किरणं.
तिला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग, "म्हणजे कॅन्सर आहेच?"
"आहे. पण पिशवी लागणार नाही."
"मग चालेल."
चालेल! जशी काही मी चहात साखर कमी घातली होती. फोन ठेवला आणि मलाच रडू आलं. मूर्खपणा.

१६ मार्च
बैठकीत साहेबांनी ही केस मांडली. "मला पहिल्यापासून शंका होती." टाळ्या! मीही वाजवल्या. जरा जास्तच जोरात.

२ एप्रिल
साहेब स्वतः बाटली घेऊन आले. दार लोटून घेतलं. बाटलीवर पेशंटचं नाव त्यांचंच.
"घरी अजून बोललो नाहीये," एवढंच म्हणाले.
मी त्यांना पाणी दिलं.

३ एप्रिल
नेहमीचा कॅन्सर. तुकडा मोठा, स्वच्छ — शंकेला जागाच नाही. सकाळपासून तीच शोधतेय.